प्रश्न विचारणाऱ्याची झडती घ्यावी का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वाचकाने विचारलं आहे: "२००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या एका प्लंबरने ओबामांना कराबद्दल प्रश्न विचारला. आठवडाभरात त्याचा परवाना, थकबाकी, घटस्फोट, सगळं पेपरात आलं. ही प्रश्न विचारल्याची शिक्षा नाही का? पण तो चुकीचं बोलत असेल आणि एक पक्ष त्याच्या नावावर मतं मागत असेल, तर पत्रकारांनी गप्प बसायचं का? आणि उद्या माझ्यासमोर कोणी माइक धरला, तर मी काय करावं?"

माझं सगळं नोकरीचं आयुष्य मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. निवडणुकांच्या काळात जिल्ह्यांतून येणाऱ्या 'सामान्य मतदार काय म्हणतो' छापाच्या कॉप्या मीच तपासायचे, आणि परदेशाचं पानही बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या अनुभवावरून उत्तर देते.

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांच्या मुळाशी एकच पेच आहे. सामान्य नागरिकाचं म्हणणं तपासायचं की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तपासायचंच. बातमीत आलेलं प्रत्येक विधान वाचकाच्या भरवशावर छापलेलं असतं, मग ते मंत्र्याचं असो की प्लंबरचं. पेच पुढे आहे. म्हणणं तपासता तपासता आपण माणूस तपासायला कधी लागलो, हे गर्दीत कळत नाही. मी डेस्कवर एकच कसोटी लावत आले: ही माहिती छापल्याने त्या माणसाचं विधान खरं की खोटं, हे वाचकाला जास्त नीट कळतं का? कळत असेल तर छापा. फक्त माणूस लहान दिसत असेल, तर बाजूला ठेवा.

आता ओहायोकडे येते. १२ ऑक्टोबर २००८ रोजी ओबामा टोलेडोजवळच्या हॉलंड गावात रस्त्यावरून फिरत मतदारांना भेटत होते. घरासमोर मुलाबरोबर फुटबॉल खेळणाऱ्या एका माणसाने त्यांना गाठून सांगितलं, की वर्षाला अडीच लाख ते दोन लाख ऐंशी हजार डॉलर कमावणारी एक कंपनी मी विकत घेण्याच्या बेतात आहे. तुमच्या योजनेत मला जास्त कर पडेल ना? ओबामांनी सविस्तर उत्तर दिलं. त्या ओघात संपत्ती जरा वाटली गेली तर सगळ्यांचंच भलं होतं, अशा अर्थाचं एक वाक्य आलं, आणि रिपब्लिकन प्रचाराला हवं ते मिळालं. तीनच दिवसांनी हॉफस्ट्रा विद्यापीठातल्या शेवटच्या वादफेरीत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी 'जो द प्लंबर' हे नाव घेतलं. दोन्ही उमेदवारांच्या तोंडून मिळून ते वीसहून अधिक वेळा आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली होती.

त्यानंतर जे छापून आलं, ते एकेक करून पाहू, कारण सगळ्याला एकच शिक्का मारण्यात मला अर्थ वाटत नाही.

सर्वांत महत्त्वाची बातमी सर्वांत कमी गाजली. ती हिशोबाची होती. कंपनीची उलाढाल अडीच लाख डॉलर असणं आणि मालकाचं करपात्र उत्पन्न अडीच लाख असणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पगार, माल, गाड्या, विमा यांचा खर्च वजा झाल्यावर उरतो त्या नफ्यावर कर बसतो. आणि समजा, नफाच दोन लाख ऐंशी हजार धरला, तरी वाढीव दर लागणार होता तो अडीच लाखांच्या वरच्या तीस हजारांवर. ओबामा त्या रस्त्यावर म्हणाले होते, वरच्या रकमेवर ३६ ऐवजी ३९ टक्के. म्हणजे जास्तीचे ९०० डॉलर. हे गणित प्रत्येक वर्तमानपत्राने पहिल्या पानावर चौकट करून द्यायला हवं होतं. त्यात त्या माणसाचं नाव घेण्याचीसुद्धा गरज नव्हती. काही ठिकाणी ते आलंही, पण परवान्याच्या बातमीखाली दबलं.

परवान्याची बातमी अशी, की त्याच्या स्वतःच्या नावावर प्लंबिंगचा परवाना नाही. ती खरी होती. पण कराच्या प्रश्नाशी तिचा संबंध काय? परवाना असता तर ९०० चे १,८०० झाले नसते. राज्याच्या कराची सुमारे बाराशे डॉलरची थकबाकी निघाली, तीही खरी. मतदारयादीत त्याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं आहे, 'जो' हे त्याचं मधलं नाव आहे, हेसुद्धा बातम्यांत आलं. यांपैकी एकाही गोष्टीने वाचकाला कराची योजना जास्त कळली नाही. या बातम्या माझ्या कसोटीला उतरत नाहीत.

मात्र एक बातमी अशी आहे, की तिच्यावर मी आजही सहज निकाल देणार नाही. त्याचं उत्पन्न वर्षाला सुमारे ४०,००० डॉलर असल्याचं त्याच्या घटस्फोटाच्या कागदपत्रांतून पुढे आलं. हा आकडा विधानाशी थेट जोडलेला आहे, कारण एवढ्या उत्पन्नाच्या माणसाचा कर ओबामांच्या योजनेत वाढणार नव्हता, उलट घटणार होता. पण तो आला कुठून? दोन माणसांच्या संसाराच्या मोडतोडीच्या फाइलीतून. ती फाइल कायद्याने खुली होती. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात न्यायालयीन नोंदींसारख्या सार्वजनिक कागदांतली माहिती छापण्याची मुभा मान्य केली आहे, काही अपवाद ठेवून. पण छापता येणं आणि छापावंसं वाटणं यांच्यामध्येच संपादकाचं काम असतं. मी काय केलं असतं? आधी त्यालाच विचारलं असतं, की आज तुम्ही अडीच लाखांच्या वर आहात का? तो 'नाही' म्हणाला, की तेवढंच छापून थांबले असते. पत्रकारांच्या गराड्यात त्याने आपण तेवढे कमावत नसल्याचं स्वतः सांगितलंही होतं. त्याच्या तोंडचं उत्तर हाती असताना घटस्फोटाची फाइल उघडायची गरज उरत नाही.

या प्रकरणातलं सर्वांत गंभीर कृत्य मात्र पत्रकारांनी केलेलं नव्हतं, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम सांगते. ओहायो राज्याच्या कल्याणकारी योजना पाहणाऱ्या खात्यात या माणसाच्या नावाने सरकारी नोंदी शोधल्या गेल्या: मुलाच्या पोटगीची थकबाकी आहे का, सरकारी मदत घेतली आहे का, बेकारी भत्ता घेतला आहे का. राज्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी करून नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला, की या शोधाला कामकाजाचं कोणतंही योग्य कारण नव्हतं. खात्याच्या संचालिकेला महिनाभर बिनपगारी निलंबित केलं गेलं आणि डिसेंबरमध्ये तिने राजीनामा दिला. पुढे सरकारी नोंदींतली खासगी माहिती कोणी, कधी, कशासाठी पाहावी, याबद्दल ओहायोत कायदा झाला. टीव्हीवरचा गदारोळ सरकारी कचेरीतल्या संगणकापर्यंत असा पोचतो. कॅमेऱ्यांनी एखाद्याला संशयित ठरवलं, की अधिकार हाती असलेल्यांनाही त्याची नोंद उघडून पाहावीशी वाटते.

असं आपल्याकडेही घडतं. एका लोकसभा निवडणुकीत आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या बातमीदाराने एका कांदा उत्पादकाची प्रतिक्रिया पाठवली. भाव पडले, उत्पादनखर्चही निघत नाही, असं साधं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी एका उमेदवाराने सभेत त्या शेतकऱ्याचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा एक कार्यकर्ता आमच्या कार्यालयात कागद घेऊन आला. त्या शेतकऱ्याच्या विकास सोसायटीच्या कर्जाच्या थकबाकीचा उतारा. "हा बुडवा आहे, आणि हा सरकारला नावं ठेवतो," असं त्याचं म्हणणं. आम्ही बाजार समितीकडून त्या आठवड्याचे भाव घेतले, दोन शेतकी तज्ज्ञांकडून खर्चाचा अंदाज घेतला आणि ते छापलं. उतारा छापला नाही. थकबाकी असल्याने कांद्याचा भाव वाढत किंवा कमी होत नव्हता. मी बातमीदाराला एकच काम दिलं: सोसायटीचा खातेउतारा पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हाती कसा लागला, ते शोध. बातमी असलीच तर तिथे होती.

दुसऱ्या एका पत्राने तो उतारा छापला. पुढच्या विधानसभेला आमचा बातमीदार त्याच गावात गेला, तेव्हा भाव विचारला तरी लोक विषय बदलत. एका माणसाची झडती झाली आणि सगळा गाव मुका झाला. ही किंमत कुठल्याच बातमीत मोजली जात नाही, आणि मला ती फार मोठी वाटते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगते. माणूस स्वतः किती पुढे आला, यावर तपासाची मर्यादा बदलते. 'जो द प्लंबर'च्या बाबतीत हे टप्पे अगदी स्वच्छ दिसतात. १२ ऑक्टोबरला तो दारात उभा राहून प्रश्न विचारणारा मतदार होता. १५ ऑक्टोबरला वादफेरीत त्याला प्रतीक बनवलं गेलं. त्या टप्प्यावर प्रश्न मॅकेन यांना विचारायचे होते: ज्याच्या नावाने तुम्ही धोरण सांगता, त्याच्या बाबतीत तुमचं गणित बसतं का? महिनाअखेर तो मॅकेन यांच्या सभांना जाऊ लागला, तेव्हा तो प्रचारक झाला आणि त्याच्या राजकीय विधानांना प्रचारकाचेच निकष लागू झाले. २०१२ मध्ये तो ओहायोतून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार म्हणून उभा राहिला आणि हरला; तिथे तर सगळंच तपासायला हरकत नव्हती. २०२३ मध्ये तो वारला. पण २०१२ च्या उमेदवाराला लावायचे निकष २००८ च्या मतदाराला लावले गेले, आणि तेही आठवडाभरात. अमेरिकी कायद्यात 'मर्यादित कारणापुरती सार्वजनिक व्यक्ती' अशी कल्पना आहे. एखाद्या वादात स्वतः उतरलेल्या माणसाला त्या वादापुरतं सार्वजनिक मानायचं. पत्रकारांनी त्यातला 'त्या वादापुरतं' हा भाग घट्ट धरायला हवा.

पक्षाचा प्रश्न थोडा वेगळा. हा माणूस रिपब्लिकन मतदार म्हणून नोंदलेला होता, हे छापणं बरोबर की चूक? त्याने स्वतःला तटस्थ म्हटलं असेल, किंवा वाहिनीने 'कुंपणावरचा मतदार' म्हणून दाखवलं असेल, तर ते सांगायलाच हवं, कारण तो दावाच तपासाचा विषय होतो. २०१६ च्या दुसऱ्या वादफेरीत प्रश्न विचारणारे नागरिक गॅलप या मतचाचणी संस्थेने अनिर्णित मतदारांतून निवडले होते. तिथे निवड खरीच तशी आहे का, हे पाहणं योग्यच. पण त्यातल्या लाल स्वेटरवाल्या एका गृहस्थांनी ऊर्जेबद्दल चांगला प्रश्न विचारला, रातोरात ते सगळ्यांचे लाडके झाले, आणि काही दिवसांत त्यांनी इंटरनेटवर पूर्वी केलेल्या खासगी स्वरूपाच्या टिप्पण्यांच्या बातम्या झाल्या. त्या टिप्पण्यांचा ऊर्जा धोरणाशी काडीचा संबंध नव्हता.

आतापर्यंत अति-तपासाबद्दल बोलले. याच्या उलट दोषही आहे, आणि तो जास्त घातक आहे: माणूस दाखवायचा, पण त्याच्याविरुद्धचा आरोप तपासायचा नाही. २०२० च्या निवडणुकीत अटलांटामध्ये मतमोजणीचं काम करणाऱ्या मायलेकींची चित्रफीत तुकडा तोडून फिरवली गेली. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी त्यांच्यावर मतघोटाळ्याचा आरोप केला. जॉर्जिया राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी पूर्ण चित्रफीत पाहून आरोप खोटा असल्याचं थोड्याच दिवसांत सांगितलं, तरी काही वाहिन्यांवर तो चालूच राहिला. धमक्यांमुळे आईला घर सोडून राहावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने जुलियानींना सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं. या दोघींनी कोणाला प्रश्न विचारला नव्हता, माइकसमोर त्या आल्या नव्हत्या. सरकारी काम करत होत्या. त्यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, तरी मी इथे घेत नाही, कारण मुद्दा समजायला त्यांची गरज नाही.

२०२४ मध्ये पुन्हा ओहायोच. स्प्रिंगफिल्ड शहरातले हैतीहून आलेले लोक पाळीव प्राणी खातात, ही अफवा एका स्थानिक समाजमाध्यम पोस्टपासून पसरली. पोस्ट लिहिणाऱ्या बाईंनी पत्रकारांना नंतर सांगितलं, की आपण काही पाहिलेलं नाही, ऐकीव होतं. तोपर्यंत १० सप्टेंबरच्या वादफेरीत ट्रम्प यांनी ते देशासमोर म्हटलं होतं. वाहिनीच्या सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे सांगितलं, की शहर प्रशासनाकडे अशी विश्वासार्ह तक्रार नाही. हे मला मोलाचं वाटतं. तरीही पुढच्या दिवसांत शहरात तीसहून अधिक बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. 'अमुक म्हणतात खातात, तमुक म्हणतात नाही' अशा समतोल मथळ्यांनी त्यात भर घातली. आरोपाला आधार नसेल, तर तो मथळ्यात घ्यायचा नाही आणि पहिल्याच वाक्यात 'आधार नाही' हे सांगायचं, हा डेस्कवरचा साधा नियम. मथळाच वाचून पुढे जाणारे वाचक बहुसंख्य असतात.

म्हणून मी बातमीदारांना, विशेषतः नव्या मुलामुलींना, 'सामान्य मतदार' आणल्यावर आधी विचारायचे: हा तुला भेटवला कोणी? प्रचाराच्या दिवसांत गावात उतरल्यावर पहिला स्वागताला येतो तो कार्यकर्ताच, आणि 'चला, एक माणूस दाखवतो' म्हणत तो आपल्या सोयीच्या दारात नेऊन उभा करतो. मग विचारायचे, यातलं त्याने स्वतः पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं? आणि नाव-फोटो छापला जाईल, हे त्याला नीट सांगितलंस का? कॅमेऱ्यासमोर हो म्हणणं वेगळं आणि परिणाम कळून हो म्हणणं वेगळं. ज्याला माध्यमांची सवय नाही, त्याच्या बाबतीत ही जबाबदारी आपली. अमेरिकी पत्रकारांच्या एसपीजे संघटनेची आचारसंहिताही हेच सांगते, की सत्ता, प्रभाव किंवा प्रसिद्धी शोधणाऱ्यांपेक्षा खासगी व्यक्तींचा स्वतःबद्दलच्या माहितीवर जास्त हक्क असतो.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. तो सर्वांत व्यवहाराचा, म्हणून त्याचं उत्तरही तसंच देते.

माइक समोर आला म्हणून बोललंच पाहिजे असं नाही. 'नाही, धन्यवाद' हे पूर्ण उत्तर आहे. बोलायचं असेल तर आधी विचारा: कोणती वाहिनी, कशावरची बातमी, केव्हा दाखवणार? बोलताना स्वतःच्या अनुभवापुरतं बोला आणि बेत हा बेत म्हणूनच सांगा. 'मी कंपनी घेतोय' आणि 'पुढेमागे घ्यावी असं मनात आहे' यांतल्या अंतरामुळेच ओहायोत एवढं रामायण झालं. मालकाचं नाव, मुलांची शाळा, घराचा नंबर कॅमेऱ्यात येणार नाही याची काळजी घ्या. घरासमोर उभं राहण्यापेक्षा रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहा. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला उमेदवार आला आणि तुम्ही प्रश्न विचारणार असाल, तर तो लिहून न्या. लिहिलेला प्रश्न तोडून दाखवणं अवघड जातं, आणि पुढे वाद झाला तर तुमच्याकडे मूळ मजकूर राहतो.

आणि समजा गाजलंच, तर पहिल्या चोवीस तासांत एकही नवी मुलाखत देऊ नका. फोन घरातल्या एकाच माणसाने घ्यावेत. जुन्या पोस्ट घाईघाईने पुसू नका, पुसल्याचीच बातमी होते. त्या कोणाकोणाला दिसतील, ती मर्यादा बदला. एखाद्या प्रचाराने तुमचं नाव किंवा फोटो न विचारता वापरला, तर त्या प्रचार कार्यालयाला लेखी हरकत पाठवा आणि तिची प्रत बातमी देणाऱ्या वृत्तकक्षालाही द्या. तुमच्याबद्दल चुकीचं छापून आलं, तर बातमीदाराशी फोनवर वाद घालू नका. संपादकाच्या नावे ई-मेल करा, चुकीचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा, बरोबर माहिती आणि तिचा पुरावा जोडा, आणि ऑनलाइन बातमीतही दुरुस्ती करून तशी नोंद टाका असं मागा. डेस्कवर असं मुद्देसूद पत्र आलं, की ते बाजूला टाकणं अवघड होतं. रागाने भरलेली चार पानं मात्र बहुतेक वेळा वाचायचीच राहून जातात.